‘सर, एक अडचण झालीये’: वाईट बातमी वेळेत सांगण्याची भावनिक बुद्धिमत्ता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना माझ्या तोंडून येणारे शंभर ‘म्हणजे’ आणि पन्नास ‘ॲक्च्युअली’ तेवढे काढून टाकलेत. बाकी सगळं ऑडिओत आहे तसंच.

आजचा विषय आहे ऑफिसमधली भावनिक बुद्धिमत्ता. हा शब्द तुम्ही इंडक्शनच्या पहिल्या दिवशी ऐकला असेल. एचआरच्या स्लाइडवर एक हसरा चेहरा असतो, एक मेंदू असतो, एक हृदय असतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बी इमोशनली इंटेलिजंट’. मग चहा, बिस्किट आणि लॅपटॉपवाटप. आपल्या डोक्यात काय राहतं? गोड बोलायचं, चिडायचं नाही, ऑफिसात रडायचं नाही.

माझं म्हणणं असं आहे की या गोष्टीची खरी परीक्षा वाईट बातमीच्या वेळी होते. काम बिघडलंय, डेडलाइन हुकणार आहे, चुकीची फाइल क्लायंटला गेलीये. ही बातमी ज्याला आधी कळलीये तो ती सांगू शकतो का? आणि ज्याला सांगायची तो ती ऐकू शकतो का? या दोन प्रश्नांभोवती आजचा सगळा भाग फिरणार आहे. आणि त्यासाठी आपण आधी ऑफिस सोडून एका विमानात जाऊया.

एक हिरवा दिवा आणि इंधनाचे काटे

२८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेत डेन्व्हरहून पोर्टलंडला निघालं होतं. आत १८९ माणसं. उतरायच्या वेळी चाकं खाली सोडली तेव्हा जोरात धक्का बसला आणि चाकं नीट बसल्याचं सांगणारा हिरवा दिवा लागला नाही. कॅप्टन प्रचंड अनुभवी होता. त्याने ठरवलं, घाई नको. विमान पोर्टलंडजवळच घिरट्या घालत राहिलं. चाकं तपासणं, प्रवाशांना आपत्कालीन लँडिंगसाठी तयार करणं, केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना वेळ देणं, हे सगळं तो मनापासून करत होता.

यात सुमारे एक तास गेला. कॉकपिटमध्ये आणखी दोघं होते, फर्स्ट ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर. इंधन कमी होतंय हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पण कसं? आकडे सांगितले, सूचक बोलले, एवढा वेळ थांबलो तर इंधन फारच कमी होईल असं सुचवलं. ‘आत्ता उतरलो नाही तर आपण पडणार आहोत’ हे त्या भाषेत, त्या जोराने वेळेत म्हटलं गेलं नाही. आणि कॅप्टनचं सगळं लक्ष त्या एका दिव्यावर.

एकामागोमाग एक इंजिनं बंद पडली. विमान धावपट्टीच्या कितीतरी अलीकडे, पोर्टलंडच्या उपनगरात झाडांमध्ये कोसळलं. दहा माणसं गेली, आणि त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता. टाक्या कोरड्या असल्यामुळे मोठी आग लागली नाही, म्हणून बाकीचे वाचले. चाकं? ती खाली आलेलीच होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. ठपका दोन ठिकाणी ठेवला. कॅप्टनने इंधनाकडे आणि सहकाऱ्यांच्या इशाऱ्यांकडे नीट लक्ष दिलं नाही, हे मुख्य कारण. आणि बाकी दोघांना एकतर धोक्याचं गांभीर्य पूर्ण कळलं नाही किंवा आपली काळजी कॅप्टनपर्यंत पोहोचवता आली नाही, हे त्याला जोडलेलं कारण.

आता इथे जरा थांबा. या कॉकपिटमध्ये कुणीही वाईट माणूस नव्हता. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. कॅप्टन प्रवाशांचाच विचार करत होता. माहिती तिथेच, हातभर अंतरावर होती. ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात गेली नाही. मध्ये आलं ते पद, आदर, संकोच आणि ताणाखाली आकसलेलं लक्ष.

मग विमान कंपन्यांनी काय केलं?

१९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली. मुद्दा असा होता की यंत्रं धड असताना, वैमानिक हुशार असताना अपघात होतायत, आणि त्यामागे माणसामाणसांतला संवाद, निर्णय आणि नेतृत्व आहे. १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी असं प्रशिक्षण सुरू केलं. पुढे ते ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने जगभर पसरलं. आज तुम्ही पुण्याहून दिल्लीला जाता तेव्हा पुढे बसलेल्या दोघांनाही हे शिकवलेलं असतं.

त्यात शिकवतात काय? ज्युनिअरने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची. ऐकलं गेलं नाही तर जोर वाढवत पुन्हा मांडायची. सीनिअरने शंका विचारायची, मागायची. अंतिम निर्णय कॅप्टनचाच राहतो, पण त्याआधी कॉकपिटमधली सगळी माहिती त्याच्यापर्यंत आलेली असली पाहिजे.

याचा उपयोग झाला का? १९ जुलै १९८९ ला त्याच कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवायला लागणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. असं काही झालं तर काय करायचं याची चेकलिस्टच नव्हती. योगायोगाने प्रवाशांमध्ये वैमानिकांना शिकवणारा एक सहकारी होता. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याला कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांच्या थ्रॉटलची जबाबदारी दिली. चौघं मिळून, एकमेकांना विचारत, त्यांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर व्याख्यानांत सांगत राहिले की या प्रशिक्षणाशिवाय हे जमलं नसतं.

एक सीनिअर माणूस ‘मला हे माहीत नाही, तुला काय वाटतं?’ असं विचारू शकतो. ही भावनिक बुद्धिमत्ता आहे. तिथे हसऱ्या चेहऱ्याचा काही संबंध नाही.

हा शब्द आला कुठून?

फार वेळ घेत नाही. १९९० मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या नावाने लेख लिहिला. पुढे त्यांनी त्याचे चार भाग केले: आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशा बदलत जातात हे समजणं, आणि त्या हाताळणं. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांचं त्याच नावाचं पुस्तक आलं आणि शब्द घराघरांत, म्हणजे ऑफिसाऑफिसांत पोहोचला. ‘बुद्ध्यांकापेक्षा हेच महत्त्वाचं’ अशी घोषणाही त्याच्यासोबत फिरायला लागली. ती घोषणा जरा बाजूला ठेवा. फ्लाइट इंजिनिअरला इंधनाचं गणित यायलाच हवं. गणित येतं आणि ते सांगताही येतं, अशी दोन्ही कौशल्यं लागतात.

आपलं ‘जरा’, ‘बहुतेक’ आणि ‘बघून घेतो’

आता आपल्या ऑफिसात येऊया. समजा बुधवारी रिपोर्ट द्यायचाय. आज सोमवार. तुम्हाला कळलंय की समोरच्या टीमकडून आलेला डेटा अर्धाच आहे. तुम्ही ग्रुपवर काय टाकता?

‘सर, डेटाचं जरा एकदा बघायला लागेल बहुतेक.’

हे वाक्य परत वाचा. त्यात ‘जरा’ आहे, ‘एकदा’ आहे, ‘बहुतेक’ आहे. कुणी बघायचं, माहीत नाही. कधीपर्यंत, माहीत नाही. नाही बघितलं तर काय होईल, तेही माहीत नाही. सर ‘ओके’ म्हणून अंगठा टाकतात. तुमच्या मनात ‘मी तर सांगितलं होतं’. त्यांच्या मनात ‘काही विशेष नाही’. बुधवारी दोघंही खरं बोलतायत आणि रिपोर्ट तयार नाही.

आपली भाषा मोठ्यांशी बोलताना मऊ होते. घरी तेच शिकवलंय आणि त्यात वाईट काही नाही. आजोबांना ‘औषध घ्या’ असं न म्हणता ‘औषध घेताय ना?’ म्हणणं छानच आहे. पण धोक्याची बातमी मऊ केली की ती बातमीच राहत नाही. पोर्टलंडच्या त्या कॉकपिटमध्येही हेच झालं.

मग उद्धट व्हायचं का? अजिबात नाही. आदर ‘सर’ आणि ‘तुम्ही’मध्ये ठेवा, माहिती कडक ठेवा. असं:

‘सर, बुधवारचा रिपोर्ट अडचणीत आहे. डेटा अर्धाच आलाय. उद्या दुपारपर्यंत उरलेला नाही आला तर बुधवार जमणार नाही. तुम्ही त्यांच्या मॅनेजरशी आज बोलू शकाल का?’

चार वाक्यं. काय झालंय, का झालंय, कधीपर्यंत वेळ आहे, तुमच्याकडून काय हवंय. एकही शब्द उर्मट नाही.

आणि ऐकलंच नाही तर? अमेरिकेतल्या बऱ्याच हॉस्पिटलांत नर्सना आणि ज्युनिअर डॉक्टरांना तीन पायऱ्या शिकवतात. पहिली: मला काळजी वाटतेय. दुसरी: मला हे ठीक वाटत नाहीये. तिसरी: हे सुरक्षित नाही, इथे थांबूया. प्रत्येक पायरीला जोर वाढतो. आपल्या ऑफिसात ते असं होईल: ‘सर, मला या तारखेची काळजी वाटतेय.’ मग, ‘सर, असंच पाठवणं मला बरोबर वाटत नाहीये, कारण आकडे जुळत नाहीत.’ आणि शेवटी, ‘सर, हे पाठवण्याआधी आपण दहा मिनिटं थांबूया.’ वाक्यं आधीच पाठ असली की ऐनवेळी जीभ अडखळत नाही.

‘टेन्शन आलंय’ पुरेसं नाही

वाक्यं तर मिळाली. पण ती तोंडातून बाहेर का येत नाहीत? कारण आत काहीतरी चाललेलं असतं आणि आपण त्या सगळ्याला एकच नाव देतो: टेन्शन.

परीक्षेचं टेन्शन, बॉसचं टेन्शन, घरच्यांचं टेन्शन, नेट स्लो आहे त्याचंही टेन्शन. एका शब्दाने सगळं झाकलं की काय करायचं ते कळत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे शब्दांची कमी नाही. बॉसच्या केबिनबाहेर उभं असताना होते ती धाकधूक. तो कधी ओरडेल सांगता येत नाही, म्हणून कायम मनात असते ती धास्ती. सगळ्यांसमोर चूक निघाली की आपण ओशाळतो. मेहनतीचं कौतुक झालं नाही की हिरमुसतो. दोन टीमच्या भांडणात मध्ये सापडलो की कानकोंडं होतं. रोज बोलावंसं वाटतं आणि बोलता येत नाही ती घुसमट. तेच तेच काम करून येतो तो वैताग.

प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. धाकधूक तयारीने कमी होते. वैतागाला सुट्टी किंवा कामात बदल लागतो. धास्तीवर मात्र सुट्टीचा उपयोग नाही, कारण सोमवारी ती तिथेच उभी असते. म्हणून नाव नीट देणं महत्त्वाचं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या कॅम्पसवर मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी याचा एक प्रयोग केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी उसळायचा. नाव दिल्याने प्रश्न सुटतो असं यातून म्हणता येत नाही. पण घंटेचा आवाज थोडा कमी झाला की चार वाक्यं टाइप करता येतात, एवढं नक्की.

ओठांवरचं हसू कुणासाठी?

कॉल सेंटरमध्ये, हॉटेलात, बँकेच्या काउंटरवर किंवा डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांना इथे एक प्रश्न पडेल. ‘आमच्या कामात तर भावना दाबायच्याच असतात. ग्राहक शिव्या घालतो आणि आम्ही थँक्यू म्हणतो. हीच का ती बुद्धिमत्ता?’

याला वेगळं नाव आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात त्याला ‘इमोशनल लेबर’ म्हटलं, भावनांची मजुरी म्हणा. त्यांनी हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास केला होता. पगारासाठी चेहऱ्यावर एक भावना आणायची आणि आतली दाबायची, हे श्रमच आहेत. पोतं उचलण्याइतकेच खरे, फक्त दिसत नाहीत.

आणि दाबण्याची किंमत शरीर मोजतं. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ च्या एका प्रयोगात लोकांना किळस येईल अशी फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, डॉक्टरसारखं अलिप्तपणे बघा. दोघांचेही चेहरे शांत राहिले. पण अलिप्तपणे बघणाऱ्यांना किळस कमी आली. चेहरा दाबणाऱ्यांना किळस तेवढीच आली आणि शरीरावरचा ताण वाढला.

त्यामुळे शिव्या घालणाऱ्या ग्राहकाच्या वेळी ‘हा माझ्यावर नाही, त्याच्या अडकलेल्या रिफंडवर चिडलाय’ असा विचार केलात तर तो नुसत्या खोट्या हसण्यापेक्षा स्वस्त पडतो. तरीही दिवसाला असे चाळीस कॉल घेणाऱ्याला मध्ये दहा मिनिटं मोकळी मिळणं ही कंपनीची जबाबदारी आहे. ‘तू इमोशनली इंटेलिजंट हो’ म्हणून ती टाळता येत नाही.

तसंच, सगळी दुखणी समजूतदारपणाने बरी होत नाहीत. कुणी त्रास देत असेल, अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल तर तिथे स्वतःच्या भावना हाताळत बसू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिथे लेखी तक्रार करा.

तुम्ही टीम लीड असाल तर

आपल्या ऐकणाऱ्यांमधले बरेच जण सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी टीम लीड झालेत. काल ज्यांच्यासोबत वडापाव खाल्ला, आज ते ‘सर’ किंवा ‘मॅम’ म्हणायला लागलेत. तुमच्यासाठी हा शेवटचा भाग.

१९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकत असताना एमी एडमंडसन हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. त्यांचा अंदाज सरळ होता, चांगल्या टीमकडून चुका कमी होत असणार. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीममध्ये चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. चांगल्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका लपवत नव्हत्या. भीती असलेल्या वॉर्डात चुका होतच होत्या, फक्त कागदावर येत नव्हत्या. १९९९ च्या लेखात एडमंडसन यांनी टीमच्या या मोकळेपणाला ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ म्हटलं.

म्हणजे तुमच्या टीमकडून तीन महिन्यांत एकही वाईट बातमी आली नसेल, तर खूश होण्याआधी एकदा विचार करा. सगळं उत्तम चाललंय, की तुम्हाला कुणी सांगत नाहीये?

बातमी कशी थांबते तेही बघा. कुणी सांगायला येतं आणि आपण म्हणतो, ‘मला प्रॉब्लेम सांगू नकोस, सोल्युशन घेऊन ये.’ ऐकायला दमदार वाक्य आहे. पण ज्याच्याकडे सोल्युशन नाही तो आता येणारच नाही, आणि सगळ्यात मोठे प्रॉब्लेम तेच असतात ज्यांचं सोल्युशन एकट्याकडे नसतं. दुसरं वाक्य, ‘एवढं साधं कळत नाही का तुला?’ हे एकाला म्हटलेलं असतं, पण शेजारच्या सात जणांनी ऐकलेलं असतं. पुढचे सहा महिने ते सात जण गप्प.

त्याऐवजी तीन वाक्यं, याच क्रमाने. ‘बरं झालं आत्ता सांगितलंस.’ ‘सध्या नेमकी काय अवस्था आहे?’ ‘माझ्याकडून काय हवंय?’ चूक कशी झाली, परत होऊ नये म्हणून काय करायचं, हे नंतर, आग विझल्यावर, आणि एकट्याशी. कामात ढिलाई चालेल असा याचा अर्थ नाही. मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण ज्याने स्वतःहून येऊन सांगितलं आणि ज्याने लपवलं, या दोघांना एकच शिक्षा मिळाली तर पुढच्या वेळी शहाणा माणूस कोणता रस्ता धरेल, तुम्हीच सांगा.

आणि बातमी यायची वाट बघू नका, मागा. ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे कायम ‘हो सर’ असतं. ‘या आठवड्यात कशाची धाकधूक वाटतेय?’ असं विचारून बघा. उत्तर वेगळं येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एकच गोष्ट. तुमच्या फोनमध्ये ऑफिसच्या ग्रुपवर वर जा आणि तुम्ही शेवटची अडचण कळवली होती तो मेसेज शोधा. त्यातले ‘जरा’, ‘बहुतेक’, ‘एकदा’ मोजा. मग तोच मेसेज चार वाक्यांत परत लिहा: काय, का, कधीपर्यंत, कुणाकडून काय हवंय. पाठवायची गरज नाही, नोट्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी साचा तयार असेल.

टीम लीड असाल तर उद्या एकाला तो धाकधुकीचा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. शांतता जरा लांबेल, लांबू दे.

पुढच्या भागात याचीच दुसरी बाजू घेऊ: ऑफिसात ‘नाही’ कसं म्हणायचं. तोपर्यंत हा भाग त्या मित्राला पाठवा जो प्रत्येक वेळी ‘बघून घेतो’ म्हणतो. भेटूया!